हे ताट कोणाचं?

आमच्या मोरीत डोळा बसवायला आलेल्या पोरांना मीच चहा पाजला होता. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. "मावशी, शहरात साथ पसरायच्या आधीच पाण्यावरून कळेल," असं ती पोरं म्हणाली. मला बरंच वाटलं. माझ्याकडे दोन वेळ मिळून शंभराच्या वर लेकरं जेवतात. एकाला जुलाब लागले तरी नाव माझ्या मेसचं खराब होतं.

मी शकुंतला बिडवे. लातुरात खाडगाव रोडला माझी मेस आहे. गावोगावची पोरंपोरी इथं क्लासला येतात, डॉक्टर व्हायचं म्हणतात, आणि पोळी करपली की आईची आठवण काढून रडतात. माझे मालक गेले त्या वर्षी मी मेस सुरू केली. तिच्यावर प्रणिताला, माझ्या एकुलत्या एक लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं. मेस बंद पडली तर माझ्याकडे दुसरं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तर तो डोळा. बोटाएवढी काचेची नळी, मोरीच्या तोंडाशी बसवलेली. ताट धुतलं की पाण्यात पोळीभाताची खळ उतरते, तेल उतरतं, हळद उतरते. नळीतून उजेड जातो, आणि पाण्यात काय मिसळलंय त्याप्रमाणे तो उजेड बदलतो. आधी त्यावरून रोगाचे जंतू शोधत होते. मग कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं की ताटंही मोजता येतात. एका ताटाचं उष्टं किती, हे यंत्राला शिकवलं की झालं.

दोनेक वर्षांत ही नळी कर खात्याच्या यंत्राला जोडली गेली. त्या यंत्राचं नाव ताळा. ताळा नुसत्या मोरीवर विसंबत नाही. गॅस किती जळला, पाणी किती आलं, मोरीतून किती ताटं गेली, कचऱ्याच्या गाडीनं ओला कचरा किती उचलला, सगळं गोळा करतो. गाडीला आता काटा असतो ना, तुमच्या बादलीचं वजन तिथंच नोंदलं जातं. एकेक खूण चुकू शकते, पण चारही खुणा एकच गोष्ट सांगायला लागल्या की वाद घालायला जागा राहत नाही. मग ताळा तुम्ही सांगितलेला धंदा आणि त्यानं काढलेला धंदा शेजारी शेजारी ठेवतो.

अधिक महिना लागायच्या आदल्या आठवड्यात माझ्या फोनवर ताळा बोलला. बाईचा आवाज, फार अदबीचा. मी कणीक तिंबत होते.

"शकुंतलाताई, आपण सांगितलेल्या ताटांपेक्षा धुतलेली ताटं बरीच जास्त आहेत. हा फरक आपण खराब झालेलं अन्न म्हणून दाखवला आहे. तेवढं अन्न कचऱ्यात आढळलेलं नाही. महिनाअखेरीस सुनावणी आहे. पात्र करसल्लागाराला सोबत आणावं आणि त्यांचा नोंदणी क्रमांक कळवावा. अन्यथा आपल्या व्यवसायाचा पैसे घेण्याचा कोड बंद करण्यात येईल."

माझे हात कणकेतच राहिले. कोड बंद म्हणजे मेस बंद. रोख पैसे आता कोण देतं? पण त्याहून मला झोंबलं ते दुसरंच. खराब झालेलं अन्न? माझ्या स्वयंपाकघरात? उरलेल्या भाताचा मी दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करते, पोळीचा कुस्करा करते. अन्न फेकलं असं मी कधी सांगितलं?

जास्तीच्या ताटांचं मला माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पूर्वी गरिबाचं पोर शिकायला आलं की त्याला वार लावून देत, सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. आमच्या रस्त्यावरच्या मेसवाल्या बायकांनी ती पद्धत पुन्हा सुरू केलीय. ज्यांच्या घरून पैसे येत नाहीत अशी लेकरं रोज एकीकडे जेवतात. माझ्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. हे आम्ही कुठं लिहून ठेवत नाही. जेवू घातलेलं कुणी लिहून ठेवतं का?

मग ते खराब अन्न कुणी लिहिलं? एकच माणूस. माझा कराचा सगळा कारभार बघायचे ते आमचे जावईबापू, गिरीशराव मुळे.

गिरीशराव सीए आहेत असं आमच्यात सगळे म्हणतात. लग्न जमवताना मध्यस्थानं तसंच सांगितलं होतं. उदगीरला त्यांचं ऑफिस आहे, पुष्कळ दुकानदार त्यांच्याकडे येतात. लग्नानंतर त्यांनी आपणहून म्हटलं, "मामी, तुमचं रिटर्न मीच भरत जाईन." आमच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतो. मी कृतार्थ झाले. त्यांनी एक पैसा घेतला नाही. फोन पुढं करायचे, मी अंगठा टेकवायची. आता सांगा, जावयाला कुणी विचारतं का, की बाबा तुझा नोंदणी क्रमांक काय? लग्नात ज्यांचे पाय धुतले त्यांना?

मी प्रणिताला फोन करून नोटिशीचं सांगितलं. "अगं, गिरीशरावांचा नंबर सांग. फोनचा नाही, सीएचा."

पलीकडं तिनं आधी खोलीचं दार लावून घेतलं.

"कशाला पाहिजे तुला?" ती म्हणाली. "ते बघतील ना. तू कशात पडू नकोस, आई."

लेक खोटं बोलते तेव्हा मला अहो-जाहो केल्यासारखं सांभाळून बोलते, लहानपणापासूनची खोड आहे तिची.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता गंजगोलाईकडं गेले. गाठ दाखवायला बाई डॉक्टरकडं चोरून जाते ना, तशी. एका वह्यापुस्तकांच्या दुकानावर पाटी होती, फरहाना काझी, चार्टर्ड अकाउंटंट. पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. मी बोलायला लागले तशी त्यांनी हात वर केला.

"थांबा. आधी माझा नंबर तपासा."

"अहो मॅडम, तुमच्यावर विश्वास..."

"विश्वास नंतर. फोन काढा." त्यांनी मला सीएंच्या संस्थेच्या नोंदवहीत त्यांचं नाव शोधायला लावलं. फोटो आला, नंबर आला, हिरवी खूण आली. "आता ऐका. हा नंबर म्हणजे मी फार शहाणी असं नाही. मी गडबड केली तर माझी तक्रार कुठं करायची, ते तुम्हाला माहीत झालं. एवढंच त्याचं काम. माझी फी ठरलेली आहे, आधी लेखी देते. वाचवलेल्या करातला वाटा मी मागत नाही. जो मागतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि फुकट करतो म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नाही."

मी खाली मान घातली. त्यांनी माझी जुनी रिटर्न्स उघडली आणि बराच वेळ वाचत बसल्या. मी पंख्याकडं बघत होते. डॉक्टर रिपोर्ट वाचताना बोलत नाही तेव्हा जसं होतं तसं झालं मला.

"वार लावता तुम्ही?" त्यांनी एकदम विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ताटं मंगळवारी आणि शुक्रवारीच फुगलीत. चोरी करणारा वार बघून चोरी करत नाही." त्या पहिल्यांदा हसल्या. "ताई, ज्या ताटाचे पैसेच आले नाहीत ते तुमचं उत्पन्न नाही. त्याचा किराणा धंद्याचा न धरता तुमचा घरखर्च धरतील, थोडा कर वाढेल, तो भरून टाकाल. खरं सांगितलं असतं तर ही सुनावणीच लागली नसती. ज्यानं भरलं त्याला तुम्हाला विचारायचा कंटाळा आला. फरक दिसला, त्यानं खराब अन्न म्हणून घालून दिलं. आता ते खोटं तुमच्या अंगठ्याखाली आहे."

"मग खरं सांगू या की."

"सांगू. पण सगळं सांगावं लागेल. हे कुणी तयार केलं तेही. इथं ती जागा रिकामी सोडलीय, म्हणजे तुम्हीच भरलं असं होतं. कोणी भरलं?"

मी नाव सांगितलं. मॅडमनी तेही नोंदवहीत शोधलं, स्पेलिंग बदलून बदलून शोधलं. गिरीश मुळे त्यात नव्हते.

"त्यांची दुकानदार मंडळी किती आहेत?" मॅडमनी विचारलं.

"पुष्कळ."

"तर त्या सगळ्यांची रिटर्न्स ताळा उघडणार." त्यांनी चष्मा पुसला. "सुनावणीच्या आधी ते स्वतःहून पुढं आले तर दंडावर भागेल. तुम्ही नाव घेतल्यावर सापडले तर खटला. आणि तुम्ही मीच भरलं म्हणालात तर मेस जाईल, आणि मी तुमच्या शेजारी बसणार नाही. खोट्याला माझी सही मिळत नाही. घरी जाऊन त्यांना सांगा."

घरी जाऊन सांगा. किती सोपं. त्यात धोंड्याचा महिना लागलेला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना जावयाचा. लेकजावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, अनारशांचं वाण द्यायचं, नारायण म्हणून त्याला ओवाळायचं. नारायणाला दिवा ओवाळता ओवाळता विचारायचं, की तुम्ही परीक्षा पास आहात का?

रविवारी दोघं आली. मी पाट मांडला, रांगोळी काढली. गिरीशराव सोवळ्यासारखा सिल्कचा कुर्ता घालून बसले. प्रणिता माझ्याकडं बघतच नव्हती. पहिला धोंडा वाढला, वर तूप सोडायला लागले. तूप ताटाबाहेर सांडलं.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुमचा सीएचा नंबर काय?"

प्रणिता म्हणाली, "आई, आत्ता?"

गिरीशराव हसले. "मामी, नोटिशीचं प्रणितानं सांगितलं मला. काळजी कशाला करता? माणूस लावलाय मी. पुण्याचे मोठे सीए आहेत, त्यांचा नंबर टाकू. ताळ्याला हिरवी खूण पाहिजे, ती मिळेल."

"मी तुमचा नंबर विचारला."

त्यांचं हसणं हळूहळू विरलं. "शेवटच्या परीक्षेतला पेपरांचा एक ग्रुप राहिलाय," ते ताटाकडं बघत म्हणाले. "लग्न ठरलं तेव्हा निकाल यायचा होता. तुमच्याकडं सगळे सीए, सीए म्हणायला लागले. मांडवात कसं सांगू, नापास झालो म्हणून? नंतर देऊ म्हटलं. मग ऑफिस चालायला लागलं."

"आणि ते खराब अन्न?"

"फरक येत होता मामी. तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हणून..."

"माझ्या घरात अन्न नासतं असं लिहिलंत तुम्ही." मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "एकदा विचारायचं तरी. वाराची लेकरं जेवतात म्हणून सांगितलं असतं मी."

मग मी काझी मॅडमचं सगळं सांगितलं, स्वतःहून पुढं आलात तर दंड, नाहीतर खटला. ते उठले. नारायण अर्ध्या जेवणावरून उठला. "पुण्याच्या साहेबांचा नंबर प्रणिता पाठवेल," एवढं बोलून चपला घालून गेले. प्रणिता दारात थांबली. "तू एवढं बोलायला नको होतंस. तो नंबर टाक आणि गप्प बस, आई. माझ्यासाठी." मी त्यांचं अर्धं ताट उचललं आणि मोरीवर नेलं. नळीतला उजेड लुकलुकला. त्यानं हेही ताट मोजलं असणार.

पुण्याच्या साहेबांचा नंबर आला. नोंदवहीत शोधला तर खरा निघाला. फोटो, हिरवी खूण, सगळं आलं. म्हणजे काझी मॅडमनी सांगितलेली पहिली परीक्षा हे साहेब पास होते. माझा जीव टांगणीला लागला. एकीकडं लेकीचा संसार, एकीकडं मेस, आणि मधल्या मध्ये ही हिरवी खूण. टाकावा का नंबर? कुणाला कळणार आहे? दोन दिवस माझं मीठ चुकत होतं, पोरं ताटात बघून गप्प जेवत होती.

शेवटी मी त्या साहेबांनाच फोन लावला. चेहरा दिसला, गाडीत बसलेले होते.

"मी शकुंतला बिडवे. लातूर. गिरीशरावांची सासू."

"हां हां, बोला आई. तुमची सही करून टाकतो मी, काळजी करू नका."

"साहेब, माझा धंदा काय आहे?"

ते जरा गोंधळले. "ते कपड्यांचं ना?"

"माझे कागद बघितलेत का तुम्ही?"

"अहो आई, त्याची गरज पडत नाही. मी नंबर देतो, तुम्ही सुनावणीत काय म्हणायचं ते गिरीश सांगेल. फीचं त्याच्याशी बोललोय."

मी फोन ठेवला. डॉक्टरनं पोटाला हात न लावता पोट कापतो म्हणावं, तसं वाटलं मला. नंबर खरा होता, पण त्याच्या मागं माणूसच नव्हता. मी काझी मॅडमचा नंबर टाकला. टाकून झाल्यावर देवघरासमोर जाऊन बसले.

सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत मी गिरीशरावांना फोन करत होते. ते उचलत नव्हते. प्रणितानं एकदा उचलला. "तू परक्या बाईचं ऐकलंस," म्हणाली आणि ठेवून दिला.

सुनावणी म्हणजे एक खोली, समोर पडदा, आणि एक तरुण अधिकारी जो मधून मधून पडद्याकडंच बघत होता. काझी मॅडमनी वाराची पद्धत समजावून सांगितली, मंगळवार-शुक्रवारचे आकडे दाखवले. ताळ्यानं ते क्षणात तपासले. "सुसंगत," तो अदबीचा आवाज म्हणाला. मग विचारलं, "खराब अन्नाची नोंद कोणी केली?"

मी मॅडमकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. हे माझं मलाच बोलायचं होतं. प्रणिता लहानपणी ताप आला की माझा पदर मुठीत धरून झोपायची, तेच नेमकं तेव्हा आठवत होतं.

"गिरीश मुळे," मी म्हटलं. "माझे जावई. ते सीएची परीक्षा पास झालेले नाहीत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

"नोंद घेतली," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, दया नव्हती, काहीच नव्हतं. मग पडदा जरा थांबला. "सदर व्यक्तीने आज सकाळी स्वतःहून निवेदन दाखल केले आहे. आपले निवेदन त्याच्याशी जुळते."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठं मला रडता आलं.

मेस वाचली. वाढीव कर भरला, दंड भरला. गिरीशरावांचं ऑफिस बंद झालं. त्यांच्या दुकानदारांची रिटर्न्स उघडली गेली, काहींनी त्यांच्या दारात येऊन शिव्या दिल्या असं कानावर आलं. त्यांचा दंड किती होणार ते अजून ठरायचंय. प्रणिता माझ्याशी बोलत नाही. अनारशांचा डबा मी पाठवला होता, तो तसाच परत आला.

ताळ्यानं माझ्या मोरीवर एक पाटी बसवून दिलीय. तिला तीन बटणं आहेत: पैशाचं, वाराचं, घरचं. ताट मोरीत आलं की तोच आवाज विचारतो, "हे ताट कोणाचं?" पोरं आपापलं बटण दाबतात. आधी मला भीती वाटली, वाराच्या लेकरांना लाज वाटेल. पण त्यांनी त्याचा खेळ केला, एकमेकांची बटणं दाबतात आणि मी ओरडते.

गेल्या शुक्रवारी दुपारी रांगेत गिरीशराव उभे होते. साधा शर्ट, हातात परीक्षेची पुस्तकं असलेली पिशवी. राहिलेल्या ग्रुपसाठी इथंच क्लास लावलाय म्हणाले. पाट मांडू की काय मांडू? तोवर ते पोरांमध्ये बाकावर जाऊन बसले. मी वाढलं. पिठलं, भाकरी, ठेचा. खाली मान घालून सगळं जेवले. ताटात काही टाकलं नाही.

"प्रणिता कशी आहे?" मी विचारलं.

"रागावलीय. तुमच्यावर कमी, माझ्यावर जास्त." मग हळू म्हणाले, "येईल का, माहीत नाही."

मग ते उठले आणि स्वतःचं ताट उचलून मोरीकडं निघाले. या घरात त्यांनी आजवर स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं, आम्ही उचलू दिलं नव्हतं. मी मागोमाग गेले. त्यांनी ताट पाण्यात ठेवलं.

"हे ताट कोणाचं?" आवाजानं विचारलं.

गिरीशरावांनी खिशाला हात लावला, मग खाली आणला. त्यांचं बोट वाराच्या बटणाकडं गेलं आणि तिथंच थांबलं. मागं रांग खोळंबली होती. आवाजानं पुन्हा विचारलं.

मी त्यांचं मनगट धरून बाजूला केलं.

"सरक गिरीश," मी म्हटलं आणि तिसरं बटण दाबलं.